कादंबरी लिहिणारा माणूस दिवसभर वाचतो काय?

दुधनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोघातिघांनी विचारलं होतं की तुमच्या कादंबऱ्या वाचल्या, तुमचं कृषी सेवा केंद्र आहे हे पण कळलं, मग तुम्ही लिहिता कधी अन् वाचता काय. दोन ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबणार आहे, सवडीनं वाचा.

आधी वाचनाचं. कथा कादंबऱ्या मी वाचतोच, लहानपणापासून वाचत आलो, पण स्वतःचं लिखाण सुरू असलं की माझं वाचन वेगळंच असतं. उधारीची वही, आडत्यानं माल विकून दिलेली पट्टी, सातबारा, फेरफार, वाटणीपत्राची झेरॉक्स, बँकेची नोटीस, लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव 'निमंत्रक' मध्ये आलं अन् कुणाचं 'आपले नम्र' मध्ये खाली गेलं, कोणत्या चुलत्याचं नाव गाळलं, हे वाचता आलं पाहिजे. भावकीचं अख्खं भांडण त्या एका पानात असतं.

उधारीच्या वहीचं तर काय सांगू. आमच्याकडं पेरणीला बी अन् खत नेतात, पैसे सोयाबीन निघाल्यावर, नाही जमलं तर तुरीवर, तुरीवरही नाही जमलं तर पाडव्याला बघू म्हणतात. एका घराला एक पान. कधी एके दिवशी धाकटा भाऊ येतो अन् म्हणतो माझं खातं वेगळं काढा. घरात वाटणी झाली हे मला तलाठ्याच्या आधी कळतं. कधी घरचा माणूस जातो अन् पुढच्या मृगाला त्याची बायको पहिल्यांदा दुकानात येते, पदर सावरत उभी राहते, अन् मागची बाकी किती म्हणून विचारते. तिला आकडा सांगायचा कसा, हे मला कुठल्याच पुस्तकानं शिकवलं नाही. त्या बायांकडूनच शिकलो. त्यातल्या बऱ्याचजणी आकडा ऐकून मान हलवतात, एक शब्द बोलत नाहीत अन् पुढच्या मालाचं विचारतात.

माझं म्हणणं एकच आहे अन् त्यावर मी ठाम आहे. कादंबरीतली माणसं रचलेली चालतात, गाव रचलेलं चालतं, पण महिना रचलेला चालत नाही. पीक कधी निघतं, पैसा हातात कधी येतो, तो कुणाच्या हातात जातो, याच्यावर आमच्याकडची माणसं काय बोलतात ते ठरतं. सोयाबीन उभं असताना पोरीच्या लग्नाची बोलणी निघाली तर बाप एक बोलतो अन् मोंढ्यातून पट्टी घेऊन आल्यावर दुसरंच बोलतो. बाप तोच, पोरगी तीच. लिहिणाऱ्याला महिना माहीत नसला तर त्याला वाटतं बापाचा स्वभाव बदलला.

वर्षाचंही तसंच. आज युरियाचं पोतं 45 किलोचं आहे, 266 रुपये 50 पैशाला, अन् ते घ्यायला शेतकऱ्याला आधार नंबर देऊन मशीनवर अंगठा लावावा लागतो. 2018 च्या आधी पोतं 50 किलोचं होतं. कापसाचं बीटी बियाणं, बोंडअळीला दाद न देणारं, 2002 ला आलं, त्याच्या आधीच्या कापसात फवारणीचा पंप पाठीवरून उतरत नव्हता, म्हणजे 1998 सालच्या माझ्या पात्राच्या अंगाला औषधाचा वास पाहिजे, त्याच्या बायकोला कपडे धुताना तो वास आला पाहिजे. 1972 च्या दुष्काळातल्या माणसाच्या ताटात लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) अन् सुकडी पाहिजे, दिवस दुष्काळी कामावर खडी फोडण्यात गेलेला पाहिजे. हे सगळं वाचकाला सांगायचं नसतं, पण लिहिणाऱ्याला माहीत असलं की वाक्य आपोआप नीट पडतं.

आता लिहिण्याचं. मे च्या शेवटी रोहिणी लागली की बियाण्याच्या गाड्या येतात, मृगात तर जेवायला घरी जाणं होत नाही, म्हणून जून जुलैत मी एक ओळ लिहीत नाही. रद्दी बिलांच्या पाठीवर नुसत्या नोंदी करतो, कोण काय बोललं, कसं बोललं. मग फेब्रुवारीत ज्वारी काढणीला आली की गिऱ्हाईक कमी होतं, तिथून मे च्या मध्यापर्यंत पहाटे चार ते सात लिहितो. लोक म्हणतात धंदा सोडा अन् पूर्णवेळ लिहा. धंदा सोडला तर लिहू कशातून?

लिहिलेलं आईला वाचून दाखवतो. तिला अक्षरओळख नाही. पण तिच्यासारखा वाचक मला मिळाला नाही, कारण ती प्रत्येक प्रसंगाला दोनच प्रश्न विचारते. पाणी कुठून आणलं तिनं? अन् लेकरू कुणापाशी होतं? नायिका संध्याकाळी ओट्यावर बसून विचार करायलीय असं मी वाचलं की आई लगेच, पाणी भरून झालं होतं का. ह्या दोन प्रश्नांवर माझी कितीतरी पानं उभी राहिलीत.

तुमचं काय? तुम्ही लिहिता वाचता ते रोजच्या कामाच्या कुठल्या फटीत?

येळवस

दादा लई मनातलं लिहिलंत. मी लातूरची, नोकरीला पुण्यात. गावाकडं गेलं अन् कुणी 'काय करूलालीस गं' म्हणालं की मगच गावात आल्यासारखं वाटतं.

महिन्याचं म्हणालात ते शंभर टक्के पटलं. आमच्याकडची वेळ अमावस्या, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण, कथेत आली की हिरवं शेत, कडब्याची कोप, पाच पांडव, ओलगे ओलगे सालम पोलगे एवढं येतं अन् संपतं. मला त्याच्या आदल्या रात्रीचं वाचायचंय. आंबील आधीच लावून ठेवलेली असते, भज्जीला शेंगदाणे, तुरीचे अन् हरभऱ्याचे दाणे, सगळ्या पालेभाज्या निवडायच्या असतात, बाजरीचे उंडे, खीर. माय अन् काकू रात्रभर झोपत नाहीत. सकाळी ते सगळं डोक्यावर घेऊन शेतात चालत जायचं, अन् तिथं रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालायचं. आमच्या काकूंनी एका येळवशीला कोपीच्या मागं बसून मायला सांगितलं होतं की मला इथून पुढं ह्या घरात राहायचं नाही. मी लहान होते, भज्जीचं पातेलं धरून बसले होते. त्या दिवशी सगळे पुरुष रानात हिंडत होते, म्हणून तेवढी दहा मिनिटं मिळाली दोघींना. वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी ते बोलणं झालंच नसतं बघा.

पुस्तकपेटी

अंबाजोगाईहून लिहितोय. उभी हयात सार्वजनिक ग्रंथालयात गेली, आता निवृत्त आहे.

देवघेवीचं रजिस्टर हे पण वाचण्यासारखं असतं बरं का. कोणतं पुस्तक कोणत्या घरात किती दिवस राहिलं ते कळतं. एक आजोबा नेहमी धार्मिक पुस्तकं न्यायचे अन् सोबत एक कादंबरी. कादंबरी सुनेसाठी असायची, पण कार्डावर नाव आजोबांचंच. आजोबा गेल्यावर महिनाभरानं त्या बाई स्वतः आल्या, कार्ड काढायचंय म्हणाल्या. मी फॉर्म दिला, हात थरथरत होता माझा.

आता चित्र बदललंय. वाचनालयाचा हॉल पोरांनी भरलेला असतो, पण ती सगळी एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीची. सकाळी सातला सतरंजी टाकून जागा धरतात. काहीजण म्हणतात ही पोरं वाचत नाहीत, मला हे अजिबात मान्य नाही. बारा बारा तास वाचतात. एका जागेसाठी आयुष्याची चार पाच वर्षं देतात. निकाल लागला अन् नाव नसलं की त्यातलं एखादं पोरगं येऊन हळूच विचारतं, सर काहीतरी वेगळं वाचायला द्या. त्या दिवशी त्याच्या हातात काय पुस्तक द्यायचं याचा मी जितका विचार केला तितका दुसऱ्या कशाचा केला नसेल. उपदेशाचं कधीच दिलं नाही. चांगली जाड कादंबरी द्यायचो, आठवडाभर पुरेल अशी.

आमच्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांनी पंचीकरण लिहिलेली कापडाची पासोडी अजून जपलेली आहे. भरतीच्या पोरांना मी ती बघायला पाठवायचो. जाऊन यायची, अन् येताना अक्षर किती बारीक आहे यावर बोलत यायची.

कडबा

धागा आवडला पण मला एक मुद्दा पटला नाही, स्पष्टच लिहितो. युरियाचं पोतं किती किलोचं हे बरोबर असलं म्हणून कादंबरी चांगली होत नाही. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी दैनंदिनी आहे की, तिच्यात सगळं बरोबर असतं, कुठल्या आठवड्यात काय पेरायचं, कीड कोणती पडते. ती कुणी रात्री जागून वाचत नाही. मला माणसाच्या मनात काय चाललंय ते वाचायचंय. ग्रामीण म्हणून जे छापून येतं त्यात अवजारांची अन् पदार्थांची नावंच इतकी असतात की माणूस दिसत नाही. शहरातल्या वाचकाला दाखवायला मांडलेलं सामान वाटतं ते. मी स्वतः शेतकऱ्याचा पोरगा आहे, मला तिफण म्हणजे काय हे कादंबरीतून कळायला नको.

दुधनाकाठ

@कडबा, मुद्दा एकदम योग्य आहे अन् तुमच्या बाजूनं मी पण आहे. नावांची आरास मलाही वाचवत नाही. तिफण शब्द पानावर यायलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण तिफणीमागं चालणाऱ्या बाईच्या ओटीत बी किती उरलंय अन् पेरायचं रान किती उरलंय याचा अंदाज तिला असतो, बी कमी पडणार हे तिला नवऱ्याच्या आधी कळतं. ते ती सांगते की सांगत नाही, इथून तिचं मन सुरू होतं. सांगितलं तर तो चिडणार, न सांगता बी विरळ सोडलं तर उगवल्यावर सगळ्या गावाला दिसणार. आता ही अडचण ज्याला माहीत नाही तो लेखक तिच्या मनात काय घालणार? आकाश, ढग, माहेर. आमच्या बायांच्या मनात सारखं माहेरच घालून ठेवलंय लोकांनी. हिशोब घालायला कुणी तयार नाही, अन् त्या तर सकाळपासून रात्रीपर्यंत हिशोबच करत असतात.

@येळवस, कोपीमागची दहा मिनिटं तुम्हीच लिहायला पाहिजेत, दुसऱ्या कुणाला नाही जमायचं.

बारव

आमच्या आजोबांची ट्रंक निघाली घर पाडताना. निजामाच्या काळातले कागद, काही मोडीत, काही उर्दूत. तारखा फसलीत, म्हणजे निजामाच्या कालगणनेत आहेत. वडील म्हणतात जमिनीचं नसेल तर जाळून टाक. मी कादंबरी वगैरे लिहीत नाही पण जाळायची हिंमत होईना. ह्याचं करायचं काय?

दुधनाकाठ

@बारव जाळू नका, हात जोडून सांगतो. फसली सनात 590 मिळवा, साधारण इसवी सन येतो. फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडतो, म्हणजे 1357 फसली हे 1947-48. तुमच्या ट्रंकेत त्या सालाचे कागद असतील तर नीट बघा. बाकीच्या देशात 15 ऑगस्ट झाला होता अन् आपल्याकडं, हैदराबाद संस्थानात, 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तीचा दिवस उजाडायचा होता, त्या तेरा महिन्यांत कुणी कुणाला काय लिहिलं, कुणी बायकालेकरं सरहद्दीपलीकडं पाठवली, कुणी जनावरं विकली, हे मोठ्या इतिहासात सापडत नाही, ट्रंकेत सापडतं. रकमा हाली रुपयात, म्हणजे निजामाच्या चलनात असतील ते पण लक्षात ठेवा.

मोडी शिकायला फार अवघड नाही, नेटानं बसलं तर छापील नमुने वाचता येतात, हस्ताक्षराला मात्र वेळ लागतो. उर्दूसाठी गावातल्या मशिदीजवळ एखादे जुने शिक्षक असतात, त्यांच्यापाशी जाऊन बसा. माझ्या गावातल्या गुरुजींनी मला असेच कागद वाचून दिले, वाचता वाचता त्यांच्या वडिलांच्या आठवणी सांगत गेले, अन् माझ्या कादंबरीतलं अर्धं पात्र तिथंच उभं राहिलं. फोटो काढा, प्रत्येक कागदावर पेन्सिलनं नंबर टाका, ऊन अन् वाळवीपासून लांब ठेवा.

भूकंपातला

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी किल्लारीजवळच्या गावचा. 30 सप्टेंबर 1993. मी तेव्हा सातवीत. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक उशिरा झोपलेले, पहाटे चारच्या आत झालं सगळं.

कुणी कुणी विचारतं तुम्ही लिहीत का नाही. पहाटेचं मला लिहिताच येत नाही, लिहायचं पण नाही. पण वर @दुधनाकाठ यांनी महिन्याचं लिहिलं ते वाचून एक सुचलं. नवीन गावचं लिहिता येईल. आमच्या जुन्या गावात दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद, मातीचं जड छत. त्याच भिंतींखाली माणसं गेली, म्हणून पुढं किती वर्षं कुणी दगडाच्या घरात झोपायला तयार नव्हतं, पत्र्याच्या शेडात उकाड्यानं जीव जायचा तरी. मग नवीन गाव मिळालं, सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, घर नंबर. जुन्या गावात ढेलजेत, दारातल्या ओसरीत बसलं की गल्लीतलं सगळं ऐकू यायचं, कोण कुठं चाललंय ते कळायचं. नवीन गावात शेजार नंबरावर लागला. माझी आजी नवीन घरातून रोज सकाळी उठून जुन्या शेजारणीकडं जायची, पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं जाऊन बोलायच्या काय तर भाजी काय केली. एवढंच. मग परत यायची. कित्येक वर्षं हे चाललं.

पुस्तकपेटी

@भूकंपातला, आजीचं जाणं येणं लिहा. एवढंच लिहा. पहाट नाही लिहिली तरी चालेल.

येळवस

वाचून गप्प बसले होते. आमच्या घरी त्या रात्री भांडी पडली होती मांडणीवरची, लातुरात. तुम्ही लिहाच.

अक्षरजुळणी

मी डीटीपीचं काम करतो, छत्रपती संभाजीनगरला. लिहिणाऱ्यांसाठी कामाचं सांगतो. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर युनिकोडमधेच टाईप करा. प्रकाशकाकडं अजून बऱ्याच ठिकाणी जुन्या फॉन्टवर काम चालतं, मग रूपांतर करताना जोडाक्षरं अन् रफार फुटतात, त्यामुळं ते झाल्यावर एक प्रूफ स्वतः डोळ्यात तेल घालून वाचा. बोलीत लिहिलेलं असलं तर मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो तुमचं 'करायलेत' प्रामाणिकपणे 'करत आहेत' करून ठेवतो. सोळा पानांचा एक फर्मा धरतात, खर्च त्यावर बसतो, म्हणून पहिलं पुस्तक पाचशे पानांचं करायच्या आधी हिशोब मांडा.

कोयता

मला लिहू का नको कळत नव्हतं. मी बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जायचे, मी अन् भाऊ आजीजवळ, कधी कधी फडावर पण. मी डीएड केलंय, आता गावात शिकवणी घेते. तीन वर्षांपासून मोबाईलच्या नोट्समधे लिहीत असते, रात्री सगळे झोपल्यावर, बोलून टाईप होतं ते वापरते पण आवाज करता येत नाही म्हणून बोटानंच. कुणाला दाखवलं नाही. दादा तुमच्यासारखं दुकान नाही माझ्याकडं, पहाटेचे तीन तास पण नाहीत. बायांनी कधी लिहायचं?

दुधनाकाठ

@कोयता ताई, तुमच्या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही अन् खोटं सांगणार नाही. माझे पहाटेचे तीन तास माझ्या बायकोनं धरून ठेवलेत, चूल, लेकरं, म्हशी तिनं बघितल्या म्हणून ते माझे झाले. हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभारात लिहून फिटत नाही. आता ज्वारीच्या दिवसात दुकान ती बघते अन् दुपारचा स्वयंपाक माझ्याकडं आहे, कारण तिला तिचं शिवणाचं काम वाढवायचंय.

तुम्ही रात्रीचं लिहिता तेच चालू ठेवा. एकच करा, नोट्स रोज स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, मोबाईल बिघडला तर तीन वर्षं जातील. अन् वाटलं तर इथं थोडं टाका. जबरदस्ती नाही.

कोयता

टाकते. नावं बदललीत.

"दसरा झाला की मुकादम आला. ओसरीत बसला. त्यानं पिशवीतून पैसे काढले अन् दोनदा मोजले. मी भिंतीला टेकून बघत होते. आईनं चहा ठेवला होता. आजी म्हणाली पोरीला ह्या साली नेऊ नका, शाळा आहे. कुणी काही बोललं नाही. ट्रॅक्टर आठव्या दिवशी येणार होता. रात्री आईनं पीठाच्या डब्यात हात घालून बघितलं अन् म्हणाली, आजीपुरतं आहे. मग माझ्याकडं बघून म्हणाली, तुझ्यापुरतं पण होईल."

कडबा

ताई. तिफणीचं माझं म्हणणं मी मागं घेत नाही, पण ह्या पिठाच्या डब्यासाठी मी रात्रभर जागून वाचीन. पुढं काय झालं?

दुधनाकाठ

फार ताकदीचं आहे, कुठंही सजवलेलं नाही. आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारतेय, उचल (आगाऊ रक्कम) कोणाच्या हातात दिली? कोयता म्हणजे नवराबायको दोघं मिळून, मग पैसे दोघांचे ना?

कोयता

बापाच्या हातात दिली. आई चूलीपाशी होती, तिथून ओसरी दिसत नाही, पण नोटा मोजताना मुकादम मोठ्यानं आकडा म्हणत होता. आईनं तो ऐकला अन् चहात साखर टाकायची थांबली, कारण गेल्या सालापेक्षा आकडा मोठा होता, म्हणजे तेवढी जास्त तोड करावी लागणार. हे मला आत्ता तुमच्या आईंनी विचारल्यावर आठवलं. आज रात्री लिहिते, उद्या इथं टाकते. आईंना सांगा पाणी हापशावरून आणलं होतं, मीच आणलं होतं.